प्रकरण अभ्यास: सोळा बाय चौदा फुटांचं उत्तरेकडचं अंगण

पार्श्वभूमी

घर साताऱ्यातलं. ओळीनं एकमेकांना चिकटून बांधलेल्या रो-हाउसपैकी अगदी मधलं, तोंड उत्तरेला. पुढं अंगण सोळा फूट रुंद, चौदा फूट खोल. घराची उंची गच्चीच्या कठड्यापर्यंत तेवीस फूट. ही उंची आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं सगळं तिच्यापाशी येऊन अडतं. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून नावं आणि वस्ती सांगत नाही. मापं आणि महिने मात्र होते तसेच ठेवले आहेत.

घरात आजी, त्यांचा मुलगा, सून आणि सातवीतली नात. मी छोट्या बागा आणि अंगणं आखून द्यायचं काम करते. सूनबाईंनी मला बोलावलं ते मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. निमित्त आदल्या श्रावणातलं. पावसात दाराच्या गुळगुळीत पायरीवरून आजींचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, तरी अंगणात उतरायची धास्ती गेली नाही. ज्या बाईंनी पन्नास वर्षं रोज सकाळी दारात रांगोळी घातली, त्या आता उंबऱ्याच्या आत बसून नातीला कुठं काय काढायचं ते सांगत होत्या.

अंगणात तेव्हा काय होतं? सिमेंटचा कोबा, तोही जागोजागी फुटलेला. दोन स्कूटर. प्लास्टिकच्या डब्यात लावलेली तुळस. एका कोपऱ्यात जुनं कपाट आणि रंगाचे रिकामे डबे. गच्चीवरून उतरलेल्या पाइपचं तोंड थेट कोब्यावर सोडलेलं.

अडचण

सूनबाईंचं म्हणणं होतं, "ताई, अंगण छान दिसलं पाहिजे, एवढंच." पण अर्धा तास गप्पा झाल्यावर एकेक गोष्ट बाहेर पडू लागली. जोराचा पाऊस झाला की अंगणात घोटाभर पाणी साचायचं. याचं कारण फाटकाबाहेर होतं. रस्त्यावर दर काही वर्षांनी जुन्या डांबरावरच नवा थर चढत गेला आणि रस्ता अंगणापेक्षा चार इंच वर आला. अंगणातलं पाणी बाहेर जायची वाट बंद झाली, आणि रस्त्यावरचं पाणी आत यायची उघडली.

कोबा फुटत होता त्याचं कारण जमिनीत होतं. वरचे दोन फूट भराव आणि काळी माती. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट ओतलेला कोबा तिच्याबरोबर वर-खाली होणार आणि तडकणार. दर दोन वर्षांनी सिमेंटचा हात फिरवून तो नीट होण्यातला नव्हता.

घरातल्या चौघांना हव्या होत्या त्या गोष्टी मी वहीत वेगवेगळ्या लिहून घेतल्या. मुलाला दोन स्कूटरची जागा आणि संध्याकाळी बसायला झोपाळा. सूनबाईंना हिरवळ, भिंतीवर टांगलेल्या कुंड्या आणि रात्री मंद दिवे. नातीला पारिजातक, कारण तिच्या मैत्रिणीकडे होता. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मी निघताना म्हणाल्या, "मला चैत्रांगण काढता येईल एवढी जागा ठेवा. बाकी तुम्ही काहीही करा."

चैत्रांगण ज्यांच्या घरी निघतं त्यांना या मागणीचं वजन कळेल. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते ती अक्षय तृतीयेपर्यंत. त्या महिन्यात दारापुढं ही मोठी रांगोळी काढतात. मध्ये गौरीचा झोपाळा, वर सूर्य-चंद्र, भोवती शंख, चक्र, गदा, पद्म, तुळशी वृंदावन, गोपद्मं, कासव, नाग, हत्ती, फणी-करंडा, कोयरी. प्रत्येक घराची मांडणी थोडी निराळी, आईकडून लेकीकडे किंवा सासूकडून सुनेकडे आलेली. आजींच्या सासूबाई ते सहा बाय सहा फुटांत काढायच्या. या घरात राहायला आल्यापासून आजींनी ते एकदाही पूर्ण काढलेलं नव्हतं. आधी कोबा फुटका, मग स्कूटर, मग मनगट.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सगळं अंगण रस्त्याच्या वर उचलून पार्किंगच्या टाइल बसवायचा. त्याच ओळीतल्या दोन घरांनी तो घेतला होता. काम आठवड्यात उरकतं, झाडायला सोपं, पाणी साचत नाही. पण घराचं जोतं अंगणापासून दीड फूट वर होतं. अंगण सहा इंच उचललं की जोतं फूटभरच उरणार. रस्ता असाच चढत राहिला तर काही वर्षांनी पुन्हा उचलायचं, आणि एक दिवस पाणी उंबऱ्यापाशी. शिवाय आपल्या अंगणातलं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात ढकलायचं, हे मला पटत नाही.

दुसरा कृत्रिम हिरवळीचा. सूनबाईंना तिची चित्रं आवडली होती. मी आधी तयार केलेल्या एका अंगणात त्यांना घेऊन गेले. दुपारी दीड वाजता चप्पल काढून त्यांनी त्या हिरवळीवर पाय ठेवला आणि लगेच उचलला. प्लास्टिकच ते, उन्हात तापणारच. पावसात तिच्याखाली ओल कोंडते आणि कुबट वास सुटतो, हे त्या घरच्यांनीच सांगितलं. खऱ्या हिरवळीचा विचार झाला, पण दोन स्कूटर आणि रोजची ये-जा यांत ती टिकली नसती.

तिसरा पेव्हर ब्लॉकचा. पाणी सांध्यांतून मुरतं, खर्च आवाक्यात, एखादा ब्लॉक खचला तर उचलून पुन्हा बसवता येतो. स्कूटरच्या जागेपुरता तो चांगलाच. पण त्याच्या खाचांवर रांगोळीची रेघ सलग येत नाही.

चौथा आजींच्या मनातला: मुरूम-माती टाकून, चोपून, शेणानं सारवलेलं अंगण. मी कोकणात लहानपणी असं अंगण पाहिलंय, त्याची ऊब दुसऱ्या कशाला नाही. पण त्याला दर आठवड्याला सारवणारे हात लागतात. साताऱ्याच्या पावसात ते चार महिने टिकत नाही, आणि ओल्या सारवणावरून आजी पुन्हा घसरल्या असत्या.

पाचव्याकडे आम्ही हळूहळू वळलो: अंगणाचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला त्याच्या कामाप्रमाणे जमीन द्यायची.

पहिला निर्णय: आधी पाणी, मग शोभा

घरच्यांना सगळं गणपतीच्या आत हवं होतं. मी म्हटलं, पावसाआधी फक्त पाण्याचं काम करू, एक पावसाळा पाणी कसं वाहतं ते बघू, आणि फरशी दसऱ्याच्या सुमाराला बसवू. मुलाला हे सुरुवातीला पटलं नाही. मग मी कागदावर हिशेब मांडला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. अंगण सुमारे २१ चौरस मीटर. गच्चीच्या ज्या अर्ध्या भागाचं पाणी पुढच्या पाइपनं उतरतं तो सुमारे २६ चौरस मीटर. दिवसभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर अंगणात पडणारं पाणी हजार लिटर आणि गच्चीवरून येणारं तेराशे. म्हणजे अंगण बुडवणारं निम्म्याहून जास्त पाणी अंगणात पडतच नव्हतं, त्या पाइपातून येत होतं. हे पाहिल्यावर ते लगेच तयार झाले.

मेच्या अखेरीस फाटकाजवळ, भिंतीपासून दहा फुटांवर शोषखड्डा खणला: तीन बाय तीन, खोली चार फूट. दोन फुटांखाली पिवळसर मुरूम लागला तेव्हा हायसं वाटलं, कारण नुसत्या काळ्या मातीत पाणी मुरायला फार वेळ लागतो. तळाशी मोठे दगड, त्यावर गोटे, मग खडी, वर जाड वाळू. अशा खड्ड्याचं आकारमान हजार लिटर दिसतं, पण दगड भरल्यावर पाण्याला जेमतेम चारशे लिटरची जागा उरते. म्हणून वरच्या बाजूनं जास्तीचं पाणी जायला पाइप काढून तो रस्त्याकडेच्या गटारीला जोडला. रस्ता वर होता, पण गटारीचा तळ पुरेसा खाली होता. गच्चीचा पाइप जमिनीखालून खड्ड्यात आणला, तोंडाला पानं अडवायला जाळी बसवली. फाटकात पाच इंचांचा उंचवटा केला, दोन्हीकडे पसरट उतार देऊन, म्हणजे स्कूटर अडकत नाही आणि रस्त्यावरचं पाणी आत येत नाही. त्याच्या आत जाळीची आडवी नाली.

अंगण उचललं नाही. या एका निर्णयाचं मला आजही समाधान आहे.

दुसरा निर्णय: रांगोळीची जमीन

कोणत्या दगडावर रांगोळी ठरते, हे मी अंदाजानं सांगू शकले असते, पण काढणाऱ्या हाताला विचारलेलं बरं. जूनमध्ये छपराखाली तीन तुकडे मांडले: पॉलिश केलेली शहाबादी, बिनपॉलिशची खरबरीत शहाबादी आणि मातीचा चोपून सारवलेला एक चौकोन. आजींना पाटावर बसवलं. मोडलेल्या मनगटाची ही पहिलीच परीक्षा होती. त्यांनी अंगठा आणि तर्जनीत रांगोळीची चिमूट धरली आणि तिन्हींवर एकच आकृती काढली, गोपद्म.

पॉलिशच्या फरशीवर रेघ उमटली सुंदर, पण दार उघडताच आलेल्या वाऱ्यानं तिचा कडेचा पांढरा भुगा सरकला. सारवणावर रेघ रुतून बसली, तशी दुसऱ्या कशावर बसणं शक्य नाही. खरबरीत शहाबादीवर तिची कड किंचित फाटली, पण ती हलली नाही. संध्याकाळपर्यंत तशीच होती. आजींनी बोटानं दगड चाचपला आणि म्हणाल्या, "याच्यावर गेरूचा हात दिला की झालं. चैत्रात मी गेरू लावीन, एरवी असाच बरा."

इथं आमचा निर्णय झाला. शहाबादी फरशी मूळची कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची. आपल्याकडे जुन्या घरांत, दुकानांत, शाळांत ती वर्षानुवर्षं पायाखाली आहे, त्यामुळे मिस्त्रींचा तिच्यावर हात बसलेला असतो. बिनपॉलिशची घेतली की ओल्या पायालाही पकड मिळते. पायऱ्यांवरही तीच बसवली. नऊ इंचांच्या दोन पायऱ्यांऐवजी सहा इंचांच्या तीन केल्या आणि बाजूला पाइपचा कठडा.

अंगणाची विभागणी अशी ठरली. डावीकडे पाच फुटांची पट्टी स्कूटरसाठी, पेव्हर ब्लॉकची. मध्ये दारासमोर सहा बाय सहाचा शहाबादी चौक, त्यावर काहीही ठेवायचं नाही. ना कुंडी, ना झोपाळा, ना कारंजं. उजवीकडे बसायला दोन फुटी कट्टा आणि त्यामागं तीन फुटी वाफा. झोपाळा गच्चीवर गेला. मुलानं तो मनापासून सोडला नव्हता, हे मला दिसत होतं. चौक रिकामा ठेवण्यावरून आमची सगळ्यात मोठी चर्चा झाली. "एवढे पैसे घालून मधोमध काहीच नाही?" हा त्यांचा प्रश्न. मी त्यांना चुन्यानं सहा बाय सहाचा चौकोन आखून दिला आणि आठ दिवस तसाच राहू द्या म्हटलं. चौथ्या दिवशी नात त्यात मैत्रिणींबरोबर बसून सागरगोटे खेळत होती.

काम

दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस पाऊस उघडला तसा कोबा काढला. नऊ इंच काळी माती उपसली, तिच्या जागी मुरूम भरला, पाणी मारून धुम्मसानं चोपला, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी, पुन्हा धुम्मस. फरशीखाली जे असतं ते कुणाला दिसत नाही, पण सगळं त्यावरच उभं राहतं. मिस्त्री जुने होते, त्यांनी यात घाई केली नाही. दारापासून फाटकापर्यंत चौदा फुटांत दोन इंच उतार दिला. तेवढा पाण्याला पुरतो आणि पाटावर बसलेल्या माणसाला जाणवत नाही.

वीज जमिनीखालून पाइपातून नेली. दिवे तीनच: पायरीशी एक, कट्ट्याखाली एक, पारिजातकाच्या बुडाशी एक. खर्चाची मर्यादा ८०,००० रुपये ठरली होती, तो ९१,००० वर गेला. वाढ जवळपास सगळी खणाई आणि भरावाची.

चूक

वृंदावन कुठं बांधायचं हे मी मेमध्येच ठरवून टाकलं होतं. आजींना रोज पाणी घालायला फार चालावं लागू नये म्हणून दारापासून पाच फुटांवर, चौकाच्या उजव्या कडेला. विटांचं, प्लॅस्टर केलेलं, पणतीसाठी कोनाडा असलेलं. आराखडा काढला त्या दिवशी दुपारी बारा वाजता तिथं रणरणतं ऊन होतं. तुळशीला ऊन हवं, ऊन आहे, प्रश्न मिटला असं मी धरलं.

तो आठवडा शून्य सावलीचा होता. साताऱ्याच्या अक्षांशावर सूर्य मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी नेमका डोक्यावर येतो. उत्तरेकडच्या अंगणात वर्षातलं भरपूर ऊन तेव्हापासून जुलैपर्यंत असतं. मी वर्षभराचा निर्णय वर्षातल्या सर्वांत फसव्या दिवसांत घेतला.

नंतर बसून आकडे काढले, ते असे. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास तेवीस फुटी घराची दुपारची सावली उत्तरेकडे सव्वासात फूट पडते. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती वीस फुटांवर जाते. अंगण चौदा फूट. म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत अंगणाच्या जमिनीवर ऊन उतरतच नाही. हिवाळ्यात दुपारची सावली ही दिवसातली सर्वांत आखूड सावली, सकाळ-संध्याकाळ ती उत्तरेकडे आणखी लांबते. घरं चिकटून असल्यामुळं बाजूनंही ऊन यायला फट नाही. आणि भिंतीपासून पाच फुटांवरच्या तुळशीला सप्टेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरीपर्यंत दुपारचं ऊन नाही.

दोन इशारे मला मिळाले होते. पहिला मेमध्येच. जुन्या कोब्यावर भिंतीपासून सहा-सात फुटांपर्यंत काळपट डाग होते आणि पुढं कोबा पांढरट. ते वाळलेलं शेवाळ होतं. सावली वर्षानुवर्षं कुठं बसते याची रेघच ती. मी ते पाइपच्या गळतीचे डाग समजले. दुसरा इशारा मिस्त्रींनी दिला. वृंदावनाच्या विटा लावायच्या दिवशी, सप्टेंबरच्या शेवटी, त्यांनी विचारलं, "ताई, इथं ऊन येतंय का नक्की?" त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. मी मेमधल्या उन्हाच्या भरवशावर "येतं" म्हणाले. त्यांनी पुढं काही विचारलं नाही, थापी उचलली.

तुळशीचं लग्न थाटात झालं. ऊस, चिंचा, आवळे, बोरं, गेरूनं रंगवलेलं नवं वृंदावन. नातीनं अंतरपाट धरला. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत पानं पिवळी पडून गळायला लागली. थंडीत तुळस थोडी उतरतेच, म्हणून सूनबाईंनी आधी मनावर घेतलं नाही. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी मला फोन आला. मी गेले तेव्हा काड्यांवर चार-पाच पानं उरली होती. आजी मला रागावल्या नाहीत. "जुन्या डब्यात होती तेव्हा बरी होती," एवढंच म्हणाल्या. जुना डबा फाटकाच्या खांबावर, माणसाच्या उंचीवर असायचा. तिथं हिवाळ्यातही थोडंफार ऊन लागत होतं. हे मी विचारलंच नव्हतं.

दुरुस्ती

पर्याय दोन होते. वृंदावन तोडून फाटकाजवळ बारा फुटांवर नव्यानं बांधायचं, किंवा आहे तिथं ठेवून तुळशीला ऊन दाखवायची दुसरी सोय करायची. पहिल्यानं दोन्ही बाजूंना दीड-दीड महिना जास्त ऊन मिळालं असतं, पण नोव्हेंबर ते जानेवारी तिथंही सावलीच. शिवाय आजींची चाल वाढली असती. आणि पूजा झालेलं वृंदावन फोडायला कुणाचं मन होईना.

वृंदावनाच्या वरच्या तोंडातली माती काढून आत मातीची कुंडी बसेल अशी बैठक केली, तळाला पाणी जायला भोक ठेवलं. तुळशी दोन केल्या. एक खाली, एक गच्चीवर. हिवाळ्यात दर आठ दिवसांनी अदलाबदल. हे काम नातीनं घेतलं, शनिवारी शाळेतून आल्यावर. मंजिऱ्या वेळेवर खुडायच्या हेही तिला शिकवलं, कारण बी धरू लागलं की झाड पानांचा हात आखडता घेतं. कुंडी बदलायचा खर्च जवळपास काहीच आला नाही. सुरुवातीपासून बैठक तशी ठेवली असती, तर एक तुळस वाचली असती.

वाफ्याची लागवडही फिरवली. भिंतीकडच्या निम्म्या भागात मी गवती चहा आणि सदाफुली लावली होती, ती काकडली. तिथं आता नागवेल, अळू आणि नेचे आहेत. नागवेलीला सावली मानवते, ती भिंतीवर चढली आणि सूनबाईंना हव्या असलेल्या हिरव्या भिंतीचं काम तिनंच केलं, पुन्हा विड्याला पान घरचं. फाटकाकडच्या भागातला मोगरा मात्र तसाच ठेवला. तो हिवाळ्यात असाही झोपलेला असतो. जानेवारीच्या शेवटी छाटला, फेब्रुवारीत अंगणात ऊन परतलं आणि चैत्रात फुलला. यात माझं श्रेय नाही, झाडाचं आणि उन्हाचं वेळापत्रक जुळलं.

पारिजातक फाटकाच्या उजव्या कोपऱ्यात, भिंतीपासून तेरा फुटांवर आहे. त्या जागी डिसेंबरात दुपारची सावली जमिनीपासून आठ फूट उंचीपर्यंतच असते. झाडानं आठ फुटांच्या वर डोकं काढलं की त्याला थंडीतही ऊन मिळणार. तोवर त्याला शेंड्याकडून छाटायचं नाही, असं ठरवलंय.

वर्षभरानंतर

पुढच्या पावसाळ्यात अंगणात पाणी साचलं नाही. जुलैतल्या एका रात्री शोषखड्डा भरला आणि जास्तीचं पाणी गटारीला गेलं, ठरवलं होतं तसं. जाळीची नाली दर आठवड्याला साफ करावी लागते, नाहीतर पानं अडकून पाणी थांबतं आणि डास होतात. घरात शनिवार हाच कोरडा दिवस आहे, तेव्हाच कुंड्यांखालच्या बशाही उपड्या होतात.

एक गोष्ट मनासारखी झाली नाही. चौकाचा भिंतीकडचा दोन-तीन फुटांचा भाग पावसाळ्यात शेवाळतो. दगड खरबरीत असला तरी शेवाळ धरलं की निसरडा होतोच. खराट्यानं घासावा लागतो, आणि आजींना त्या पट्ट्यावरून एकटं जाऊ देत नाहीत. कठडा पायऱ्यांपाशी संपतो. तो आणखी तीन फूट पुढं न्यायला हवा होता. ते काम अजून व्हायचंय.

चैत्रात मला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. चौक गेरूनं सारवलेला, वर चैत्रांगण. मी पोहोचले तेव्हा आजी कट्ट्यावर बसून नातीकडून हत्ती काढून घेत होत्या. मधला झोपाळा, गौर आणि शंख-चक्र त्यांच्या हातचं. रेघ जरा थरथरती, पण कुठं तुटलेली नाही. कासवाची पाठ चौकोनी ठिपक्यांनी भरायची ही त्यांच्या सासूबाईंची खूण, ती त्यांनी नातीला तीन वेळा पुसून पुन्हा काढायला लावली. कैरीची डाळ आणि पन्हं घेऊन बायका येत होत्या आणि चौकाच्या कडेनं वळसा घालून आत जात होत्या. मुलानं दोन्ही स्कूटर महिनाभर रस्त्यावर लावल्या होत्या. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

पुन्हा करायचं झालं तर

आता मी अंगण बघायला जाते तेव्हा दिशा आणि घराची उंची आधी लिहून घेते आणि मार्च, मे आणि डिसेंबर अशा तीन वेळच्या सावल्या आराखड्यावर आखते. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर विचारते, "दिवाळीत ऊन कुठवर येतं?" त्यांना ते माहीत असतं. सांडगे-पापड वाळत घालणाऱ्यांना तर इंचाइंचानं माहीत असतं. जमिनीवरचे शेवाळाचे डाग बघते. तुळस, जास्वंद असं उन्हाचं झाड आधी कुठं होतं आणि कसं होतं, हे विचारल्याशिवाय हलवत नाही. पक्कं वृंदावन एक वर्ष कुंडी ठेवून बघितल्यावरच बांधायला सांगते.

मिस्त्रींनी प्रश्न विचारला की काम थांबवायचं, हेही ठरवून टाकलंय. त्या दिवशी अर्धा तास थांबून बाजूच्या घरच्यांना विचारलं असतं तरी कळलं असतं.

चौक रिकामा ठेवायचा आग्रह मी पुन्हा धरीन. झोपाळ्याबद्दल मात्र माझं मत बदललंय. तो गच्चीवर गेला आणि तिथं फारसं कुणी बसत नाही. कट्ट्याच्या फाटकाकडच्या टोकाला, चौकाबाहेर, एका माणसापुरता लाकडी पाट टांगता आला असता. त्यासाठी कट्टा दीड फूट आखूड करावा लागेल. मुलाला तसं कळवलंय, पाऊस संपला की माप घ्यायला जायचंय.

दरम्यान गेल्या महिन्यात रस्त्यावर पुन्हा डांबराचा थर पडला. फाटकातला उंचवटा आता रस्त्यापेक्षा जेमतेम वर आहे. तो दोन इंच वाढवला तर स्कूटरचं बूड घासेल, म्हणून उतार आतल्या बाजूला आणखी फूटभर लांबवावा लागेल आणि जाळीची नाली मागं सरकवावी लागेल. मिस्त्रींना रविवारी बोलावलंय.